भागीबाईचं पाप

२००१ साली द्राक्षांच्या हंगामात पिंपळगावहून पेट्या घेऊन येताना जीवनचा टेम्पो रस्त्याकडेला उभ्या असलेल्या भागीबाईला धडकला. तिचा डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. ब्रेक फेल झाले, असं जीवननं पोलिसांना सांगितलं. खरं तर तो ढाब्यावर दारू पिऊन निघाला होता.

भागीबाई मखमलाबादला मेथी-कोथिंबीर पिकवायची. मागच्या जन्मीचं पाप फेडतेय बिचारी, असं तिची भावकी म्हणे. तीही तेच धरून बसली आणि उपासावर उपास करू लागली. जीवनच्या कानावर हे आलं, तेव्हा त्याला चक्क हायसं वाटलं.

पण पौर्णिमेला आई त्याला एकलहऱ्याच्या विहारात न्यायची, आणि पंचशील म्हणताना दारूच्या शीलापाशी त्याची जीभ अडखळायची. एकदा वंदना संपल्यावर त्यानं भन्तेंना विचारलंच, कुणाचा पाय जातो तो पूर्वकर्मामुळेच ना? भन्तेंना अपघात ठाऊक होता, दारूचं नव्हतं.

"तिच्या मागच्या जन्मात कशाला शिरतोस?" ते म्हणाले. "टेम्पो कोण चालवत होतं?"

जीवननं खाली मान घालून सगळं सांगितलं. काही विधी असेल तर करतो, असंही म्हणाला.

"विधी नाही. केलंस ते तुझं, मला ते धुता येणार नाही. पण पुढचंही तुझ्याच हातात आहे."

दुसऱ्या दिवशी तो मखमलाबादला गेला. भागीबाई ओट्यावर बसली होती, उपासानं पार वाळलेली. उभ्या उभ्याच त्यानं सांगून टाकलं.

तिनं मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "म्हंजी माझं काय पाप नव्हतं?"

"नाही, मावशी. प्यालो होतो मी."

ती हुंदके देऊन रडली. रडणं ओसरल्यावर तिनं त्याला निघून जायला सांगितलं. तो तिथून थेट पोलीस ठाण्यात गेला.

कोर्टानं शिक्षा दिली, लायसन गेलं. आई दर आठवड्याला तुरुंगात भेटायला यायची. सुटून आल्यावर तो पुन्हा मखमलाबादला गेला. भागीबाई वाफ्याच्या कडेला बसून भाकरी खात होती. अंगावर मांस चढलं होतं, शेजारी कुबडी होती. तिनं त्याला खालीवर न्याहाळलं.

"उपास सोडले म्या," ती म्हणाली. "आता वाकाया व्हत नाय. मेथी उपटता येती का तुला?"

"शिकेन."

"मुळासकट घे, पानं चुरगाळू नको."

जीवननं चपला बांधावर काढल्या आणि तो वाफ्यात उतरला.