चटईखालचा माणूस

तिलोमाईने कोकोभाताचं पातेलं खाली उतरवून दार उघडलं, तर अंगणात चटई बसलेली. खाली अर्थातच माणूस होता. डाव्या पायाची बोटं तेवढी बाहेर राहिली होती. चटई मात्र लाल पिसांच्या झालरीची, लग्नामयताशिवाय बाहेर न निघणारी.

बोटं सेमिसीची होती. मागे नीरफणसाखाली त्याची माणसं माना खाली घालून बसली होती. त्यांत त्याची बायको आलोफाही होती. तिच्या मांडीवरच्या पिशवीत धुऊन इस्त्री केलेला एक छोटा फ्रॉक होता.

सामोआतली रीत जुनी. गुन्हेगाराने चटईखाली बसायचं आणि ज्याचं वाईट केलं त्याच्या घरच्यांनी ती उचलायची. उचलली की मिटलं. पुढे त्याबद्दल ब्र काढायचा नाही. म्हणजे तिलोमाईच्या बालघरात आसऱ्याला आलेली लुपे दुपारच्या बसने परत घरी. पाच वर्षांची लुपे, आलोफाची मुलगी, जी अपियाच्या बसअड्ड्यावर काड्यापेट्या विकायची आणि उरल्या की सावत्र बापाच्या, म्हणजे सेमिसीच्याच, हातून हिराच्या झाडूचा मार खायची. पाठीवरचे वळ आत्ताशी कुठे पुसट होत होते.

घोटाळा वेगळाच होता. मारणारा आणि मार खाणारी एकाच घरची. घराने घराचीच माफी मागायची, तर चटई कुणाच्या दारात पांघरायची? त्यावर गावच्या पंचांनी बराच खल केला, चहा दोनदा झाला, आणि पोर जिथे जेवते तेच तिचं घर असं ठरलं. त्यामुळे तिलोमाईच्या बालघराला अचानक मान मिळाला होता. तो ठेवायचा कुठे, हे तिला कळेना.

सेमिसीच्या कुळाचा प्रमुख इओआने काठी टेकत पायरीशी आला. तिलोमाई साठीची, पण त्याच्या लेखी अजून पोरच.

"उचल पोरी. ऊन वाढतंय."

"मला कुठं मारलंय त्यानं?"

"मग कुणी उचलायची?"

"जिला मारलं तिनं."

"तिला काय कळतंय? वय काय तिचं?"

"झाडू उचलताना वय विचारलं होतं का कुणी?"

म्हाताऱ्याने काठीकडे पाहिलं.

तेवढ्यात लुपेच बाहेर आली. हातात चमचा घातलेली कोकोभाताची वाटी, ओठांवर कोको. आत मुलं लपाछपी खेळत होती. अंगणात मोठी माणसंही तेच खेळताहेत असं तिला क्षणभर वाटलं असावं. ती चटईला वळसा घालून गेली, बोटांपाशी थांबली. बोटं तिने ओळखली. वाटी घट्ट धरून ती दोन पावलं मागे सरकली.

तिलोमाई पायरी उतरली. हाक मारावी की नाही, हेच तिला ठरवता येईना.

लुपे पुन्हा पुढे झाली आणि तिने चटईचा कोपरा उचलला. नीरफणसाखाली कुणीतरी श्वास सोडला. इओआनेने आभाराच्या भाषणासाठी घसा खाकरला.

लुपेने आत वाकून पाहिलं. मग आपली वाटी आत सरकवली, कोपरा खाली सोडला आणि उघडी राहिलेली बोटं चटईने नीट झाकली.

"आता ही उचलली म्हणायची की नाही?" इओआनेने विचारलं.

लुपे तिलोमाईच्या लुंगीचं टोक धरून उभी राहिली. "आजी," ती हळूच म्हणाली, "ह्यांच्याही काड्यापेट्या उरल्या का?"

आलोफाने मान वर करून पोरीकडे पाहिलं. रस्त्यावर बसचा भोंगा वाजला तेव्हा ती उठली, अंगण ओलांडून आली, पिशवीतला फ्रॉक काढून तिने तिलोमाईच्या हातात ठेवला.

"इथंच लागेल तिला," ती म्हणाली, आणि नवऱ्याकडे न बघता पुन्हा नीरफणसाखाली जाऊन बसली.

बस गेली. इओआने अजून भाषणाच्या पवित्र्यातच उभा होता. चटईखाली चमचा एकदा वाजला आणि थांबला.