नामांकित कंपनीत निवड

मी बुधवारी जर्मनीला निघणार होते आणि सोमवारी सकाळी समाधानमामाने व्हॉट्सॲपवर माझा फ्लेक्स पाठवला. दहा बाय आठचा. मधोमध मी, कॉलेजच्या निरोप समारंभातल्या साडीत, मागे विमान आणि खाली शुभेच्छुकांचे चौदा फोटो. त्यातल्या अकरा जणांना मी ओळखतही नव्हते. वर मजकूर होता, ‘आमची लाडकी भाची कु. वेदिका मोतीराम डेर्ले हिची जर्मनीतील नामांकित कंपनीत इंजिनिअर म्हणून निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन.’

कंपनी वगैरे काही नव्हती. माझ्याकडे होता वर्षभराचा व्हिसा, तिकडे जाऊन नोकरी शोधायचा. मिळाली तर राहायचं, नाही मिळाली तर सामान आवरून परत. तोही मी काही फार विचार करून काढला नव्हता. नाशिकला होस्टेलवर माझ्या मैत्रिणीने, सायलीने, फॉर्म भरायला घेतला, तिच्या शेजारी बसून मीही भरला. कॉलेज रोडवरच्या क्लासला जर्मन शिकले, तेही सायली एकटी जायला कंटाळायची म्हणून. पुढे सायलीचं लग्न ठरलं आणि माझा व्हिसा आला. घरी पेढे आणले, मी दोन खाल्ले. आनंद झाला का म्हणाल तर नाही, भीती वाटली का तर तीही नाही. दाताच्या डॉक्टरने इंजेक्शन दिल्यावर गाल बधिर होतो ना, तशी मी तीन महिने अख्खी झाले होते.

फ्लेक्स बघून मात्र मी उठले. आमच्या पिंपळगावात फाट्यावर एकदा फ्लेक्स लागला की विषय संपला. वर्षाने मी हात हलवत परत आले तर जो तो विचारणार, कंपनीने काढलं का? मम्मीला भाजी घेताना विचारणार, पप्पांना सलूनमध्ये. मला जायचंय की नाही हे मला सांगता आलं नसतं, पण परत यायची वाट मला उघडी हवी होती. तेवढी एकच गोष्ट मला हवी होती. म्हणून स्कूटी काढली आणि ललितच्या दुकानात गेले.

ललित फ्लेक्स छापतो. गावातले वाढदिवस, दशक्रिया, निवडी सगळं त्याच्या कॉम्प्युटरमधून जातं आणि नंतर त्याच्या तोंडातूनही. त्याला सकाळी सांगितलेलं संध्याकाळी मार्केटमध्ये ऐकू येतं.

“या ताई. फोटो गोरा केलाय, बघितला ना?”

“ललितदादा, ती कंपनीची ओळ काढा.”

“का? कंपनीचं नाव टाकायचं का? टाकू की. लोगो पण टाकतो.”

“कंपनीच नाहीये.”

त्याने माझ्याकडे बघितलं आणि ओळ पुसली. तिथे पांढरा पट्टा राहिला. “मग काय लिहू? निवड नाही, तर अभिनंदन कशाबद्दल करायचं?”

मी पट्ट्याकडे बघत बसले. ‘उच्च शिक्षणासाठी’ लिहावं तर ते नव्हतं. ‘नोकरीसाठी’ लिहावं तर नोकरी कुठे होती? चार वर्षं इंजिनिअरिंग केलं आणि स्वतःबद्दल एक ओळ भरता येईना, कमालच आहे माझी.

“मामालाच विचारते,” मी म्हटलं. “त्यानेच हे काढलं असणार डोक्यातून.”

“समाधानभाऊंनी नाही काढलं. त्यांनी नुसतं ‘जर्मनीला जात असल्याबद्दल’ दिलं होतं. कंपनीचं तुमच्या पप्पांनी सांगितलं. काल फोन आला होता त्यांचा.”

पप्पांना सगळं माहीत होतं. व्हिसाच्या कागदांच्या झेरॉक्स त्यांनीच काढून आणल्या होत्या. मी तडक पॅकहाऊसवर गेले.

पप्पा तिथे सुपरवायझर आहेत. आत बायका टोप्या घालून द्राक्षाच्या घडातले खराब मणी कात्रीने काढत होत्या. पप्पा दारात कंटेनरची वाट बघत उभे होते.

“पप्पा, खोटं का लिहायला सांगितलं?”

त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि मला क्रेटच्या थप्पीमागे नेलं. “तू नको म्हणशील म्हणून.”

“मी कुठे नको म्हणतेय?”

“अजून नाय म्हटली. पण म्हणशील, असं लय वाटतं मला. आणि तू एअरपोर्टच्या दारात जरी म्हटली ना, तरी मी गाडी फिरवीन. घरी घेऊन येईन तुला. हे मला पक्कं माहीत हाय.” त्यांनी थप्पीवरचा एक क्रेट उगाच नीट सरकवला. “फ्लेक्स लागला असता तर मला फिरवता आली नसती. तो मी माझ्यासाठी लावून राह्यलो होतो, बाई.”

“मग आत्ताच म्हणू का? नको म्हणून?”

पप्पांनी कपाळ पुसलं. “म्हण,” ते म्हणाले, आणि थांबले.

मी तोंड उघडलं. एकच शब्द होता. पण नको म्हणून इथे राहायचं तर काय करायचं, तेही मला माहीत नव्हतं. इतके दिवस मला वाटायचं, सगळे मिळून मला ढकलताहेत. आता ढकलणारा माणूस हात मागे घेऊन समोर उभा होता आणि मी होते तिथेच. तेव्हा मला भीती वाटली. तीन महिन्यांत पहिल्यांदा, आणि चांगली सपाटून.

“मला काहीच कळत नाहीये, पप्पा. तिकडे जाऊन काय करणार, खरंच माहीत नाही.”

 मग त्यांनी ललितला फोन लावला. पप्पा फोनवर नेहमीच ओरडून बोलतात. आतल्या कात्र्या थांबल्या.

“ललित, कंपनीचं काढलं का? बरं केलं. आता लिही, नोकरी शोधायला जर्मनीला चाललीय.” पलीकडून ललित काहीतरी म्हणाला. “असं कोणी लिहीत नसंल, तू लिही. आणि खाली लिही, नाय मिळाली तर घरी परत येईल. हां, फ्लेक्सवरच. मोठ्या अक्षरात लिही, फाट्यावरून जाणाऱ्याला दिसलं पाहिजे.”

फोन ठेवून ते म्हणाले, “मामाला काय सांगायचं ते मी बघतो.” बाहेर कंटेनर आला होता, ते तिकडे गेले. मी थप्पीमागे उभी राहून मनसोक्त रडले, आणि मग बॅग भरायला घरी गेले.