डाव्या बटणातली पाचर

घाबरू नका, लाकूडच बोलतंय. मी एक पाचर. करंगळीएवढी, एका टोकाला जाड, दुसऱ्या टोकाला निमुळती. माझ्या अंगावर काळा डाग दिसतोय ना, ते तेल नाही. रक्त आहे.

माझा जन्मच मारातून झाला. पत्रे भरून आलेलं खोकं सुपरवायझरने लाथेने फोडलं आणि त्यातली एक फळी चाकूने तासून मला काढलं. त्याच्या गळ्यात कायम शिट्टी लटकलेली, म्हणून कारखान्यातल्या बायका त्याच्या पाठीमागे त्याला शिट्टीच म्हणायच्या.

त्या कारखान्यात डब्यांची झाकणं कापणारं प्रेस मशीन होतं. त्याला दोन बटणं. दोन्ही एकदम दाबली तरच वरचा साचा धाडकन खाली यायचा. म्हणजे दोन्ही हात बटणांवर आणि साच्याखाली कोणाचा हात नाही. बनवणाऱ्याने विचार करून बनवलं होतं. शिट्टीने मला डाव्या बटणात हातोडीने ठोकलं. ते बटण आता कायमचं दाबलेलं.

"उजव्याने दाब, डाव्याने पत्रा सरकव," तो म्हणाला. "माल दुप्पट निघाला पाहिजे."

त्या मशीनवर एक बाई होती. घरी अंगावर पिणारी मुलगी. शेजारच्या मशीनवर तिची थोरली जाऊ.

"ताई, मला भीती वाटते हो याची."

"मग पत्र्याकडे बघ. माझ्याकडे काय बघतेस? माझं तोंड काय पळून चाललंय?"

माणसांची एक सवय मी पाहिली. काल झालं नाही ते आजही होणार नाही, असं धरून चालतात.

त्या दुपारी तिचा पान्हा दाटला होता. छाती ठणकत होती. मुलगी भुकेली असेल म्हणून तिने मान वळवून घड्याळाकडे पाहिलं. डावा हात पत्र्याबरोबर आतच राहिला आणि उजवा सवयीने बटणावर पडला.

हाड चिरडल्याचा आवाज मी अगदी जवळून ऐकला. चार बोटं गेली. आधी ती नुसती हाताकडे बघत राहिली. मग जी किंकाळी फुटली, तिने सगळी मशीनं थांबली.

शिट्टी धावत आला. पण तिच्याकडे नाही, माझ्याकडे. पकडीने मला उपटलं आणि भंगारात भिरकावलं. जावेने झडप घालून मला मुठीत घेतलं. त्याने तिचा हात पिरगाळला, तिला भिंतीवर आपटलं. तिचा ओठ फुटला.

"सोड म्हणतो ना."

"मोड हात. हिचा गेला, माझाही घे. मग मशीनवर तूच बस."

बाकीच्या बायका पत्र्याच्या धारदार पट्ट्या घेऊन त्याच्याभोवती उभ्या राहिल्या. एकीची पट्टी त्याच्या गालाला घासून गेली. तेव्हा कुठे त्याने हात सोडला.

पुढे मी त्यांच्या घरी एका डब्यात राहिले. मुलीला पिताना आईचं बोट धरायची सवय. ती डाव्या हाताकडे चाचपायची, नुसतं बँडेज लागायचं, मग चिडून त्यावरच बुक्क्या मारायची. आई दात आवळून पाजत राहायची.

कोर्टात जायचं म्हटलं तर कंपनीने आडकाठी घातली. कामावर घेताना गेटवरच सगळ्यांच्या एका कागदावर सह्या घेतल्या होत्या. तंटा झाला तर कोर्टात जायचं नाही, कंपनी नेमेल तो लवाद निवाडा देईल. लवाद मॅनेजरच्या केबिनमध्ये, मॅनेजरच्याच खुर्चीत चहा पीत बसला होता. जावेने मला त्याच्यापुढे ठेवलं. त्याने पेनाच्या टोकाने मला केराच्या टोपलीत ढकललं.

"इथे लाकडं आणायची नसतात. चूक तुमचीच आहे, बाई."

जावेने टोपलीत हात घातला. "केर तुमचा, साहेब. लाकूड आमचं."

तरीही दोघी कोर्टात गेल्या. कंपनीचा वकील म्हणाला, "सही आहे. हा खटला इथे चालूच शकत नाही." तेच ठरायचं होतं, बोटं गेलेलीचं कोणी ऐकणार की नाही.

न्यायाधीश बाईंनी तिला विचारलं, "सहीला नाही म्हणता आलं असतं?"

"आलं असतं, मॅडम. मग गेटवरूनच घरी जाता आलं असतं."

"लवाद निवडताना तुम्हाला विचारलं?"

"मी त्याला पाहिलं तेव्हा त्याचा चहा संपत आला होता."

न्यायाधीश बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "एका बाजूने नेमलेला माणूस, तोही पोटावर पाय देऊन घेतलेल्या सहीवर. अशा सहीने चिरडलेल्या हाताची दाद बंद होत नाही. खटला इथेच चालेल."

मग मला टेबलावर ठेवलं. मशीनचा फोटो समोर धरला.

"पाचर कुठल्या बटणात होती, दाखवा."

तिने फडक्यातून डावा हात बाहेर काढला. दाखवायला बोट नव्हतं. तिने तो थोटका पंजाच फोटोवर टेकवला. "इथे, मॅडम." शिट्टी मान खाली घालून बसला होता. गालावरचा व्रण मात्र सगळ्यांना दिसत होता.

आता मी कोर्टाच्या कपाटात मोहोरबंद पाकिटात आहे. खटला चालू आहे. मला कापायचंच होतं तर एखाद्या डुगडुगणाऱ्या पाळण्याच्या पायाखाली सरकवायचं होतं, मी आनंदाने दबून राहिले असते. तुमच्या कामावर एखाद्या बटणात माझी बहीण ठोकलेली दिसली, तर तिला उपटा. कोणी हात धरला, तर शेजारच्या मशीनला हाक मारा. पण वेळ लावू नका. कुठेतरी आत्ताही कोणीतरी लाथेने खोकं फोडत असेल.