बाळासाठी आणखी एक फेरी

जहाजावरच्या खोलीत पाळणा होता, पण बाळाला तो पसंत नव्हता. निघाल्यापासून त्याने आईच्या डोळ्याला डोळा लागू दिला नव्हता. त्यामुळे सूनबाईने पुढच्या बंदरातली बोट ठरवली तीही एका हाताने. दुसऱ्या हातावर बाळ होतं. फोनवरच्या चित्रात छोटीशी बोट होती, वर छत, आत दोन बाकं, आणि समोर कड्यावरून थेट समुद्रात कोसळणारा धबधबा.

"जहाजाची सहल सोडून बाहेरची बोट?" नवऱ्याने कपाळाला हात लावला. "अगं, त्यांच्या सहलीला उशीर झाला तर जहाज थांबतं. तुझ्या बोटवाल्यासाठी कोण थांबणार, त्याची आत्या?"

"त्या सहलीत धबधब्यापर्यंत बस, माणसांची जत्रा आणि माईकवर बडबड. बाळ रडून आकाश डोक्यावर घेईल."

"आणि जहाज चुकलं तर?"

"नाही चुकणार."

म्हणाली खरी, पण फोनवर परतीची वेळ पुन्हा एकदा तपासून घेतली. त्यांच्या घरी पडद्याच्या रंगापासून बाळाच्या टोपड्यापर्यंत सगळ्यावर बैठका होत. कोणालाही न विचारता तिने ठरवलेली ही पहिलीच गोष्ट. ती फसली असती, तर जन्मभर प्रत्येक जेवणात लोणच्यासारखी तोंडी लावली गेली असती.

"मी सुनेबरोबर जाते," सासूबाईंनी निकाल दिला. "बसमध्ये मला मळमळतं."

नवरा एकटाच जहाजाच्या सहलीला गेला. जाताना म्हणाला, "बघू, आधी कोण परत येतं ते!"

धक्क्यावर बोटवाला वाटच पाहत होता. शेजारच्या बाकावर पांढऱ्या शर्टातले एक जाडजूड गृहस्थ मांडीवर पिशवी घेऊन बसले होते. आता सासूबाईंची एक खोड होती. एकटं बसलेलं माणूस त्यांना बघवत नसे. कुरिअरवाला दारात आला तरी "या ना, बसा" म्हटल्याशिवाय त्या सही करत नसत.

"एकटेच बसलात? या ना आमच्याबरोबर!"

गृहस्थ उठले आणि बोटीत येऊन बसले.

"आई, बोट फक्त आपल्यासाठी आहे!" सूनबाई कुजबुजली.

"अगं, म्हणायचं म्हणून म्हटलं. हे खरंच येतील असं कुठे वाटलं होतं?"

इंजिन घरघरू लागलं आणि चमत्कार झाला. बाळाने एक जांभई दिली, मूठ तोंडाशी नेली, आणि झोपलं. त्याचं डोकं खांद्यावर जड झालं तशी सूनबाई छताच्या खांबाला टेकली. म्हटलं, धबधबा येईपर्यंत एक मिनिटभर डोळे मिटू.

जाग आली ती जहाजाच्या भोंग्याने. ऊन बोटीच्या या बाजूचं त्या बाजूला गेलेलं. बाळ कधीतरी सासूबाईंच्या मांडीवर पोचलं होतं, आणि त्या पाहुण्यांना बिस्किटं देत होत्या.

"आई! आपण अजून इथेच?"

"परत गेलो होतो गं. पण धक्क्याजवळ इंजिन मंदावलं आणि हा चुळबुळायला लागला. तूही गाढ झोपलेलीस. मीच म्हटलं, आणखी एक फेरी मारा."

"आणि जहाज?"

"केवढं मोठं आहे ते! हरवतंय कुठे?"

"माझा फोन?"

"माझ्या पर्समध्ये. सारखा थरथरत होता मेला. बाळ उठलं असतं."

नवऱ्याने पहिल्याच रिंगला उचलला. "कुठे आहात? सगळे चढले! मी तुला आधीच सांगितलं होतं की—"

तिने फोन ठेवला. असं तिने याआधी कधी केलं नव्हतं. डोळे भरून आले. "भाऊ, जोरात घ्या ना बोट!"

बोटवाल्याने पाहुण्यांकडे पाहिलं. पाहुणे मांडीवरचा चुरा झटकत म्हणाले, "हळूच घे रे. बाळ उठेल."

"काका, तुमचं काय जातंय! तुमचं घर इथेच. आमचं जहाज निघालंय!"

"कसं निघेल?" त्यांनी पिशवीतून टोपी काढून डोक्यावर ठेवली. "इथल्या खडकांमधून मोठी जहाजं बाहेर काढून द्यायची, हेच माझं काम. मी वर चढल्याशिवाय ते हलत नाही."

सूनबाईला हसावं की रडावं कळेना. "मग तुम्ही इथे काय करताय?"

"आजींनी बोलावलं ना." ते जरा ओशाळले. "इतकी वर्षं लांबूनच पाहिला हा धबधबा. या ना, असं कोणी म्हटलंच नाही. आता बोलणी बसतील, बसू देत."

जहाजाच्या दारात चेहऱ्यावर बारा वाजलेला नवरा उभा होता. आधी टोपीवाले काका चढले, त्यांच्या हातात दुपट्यात गुंडाळलेलं बाळ. मागून सासूबाई, मग सूनबाई. अधिकारी काकांना घ्यायला धावले, तसं त्यांनी बाळ सूनबाईकडे दिलं.

"हे कोण?" नवऱ्याने विचारलं.

"आमच्या बोटीतले," सासूबाई म्हणाल्या. "त्यांच्यासाठी थांबलं होतं म्हणे जहाज."

नवऱ्याने विषय बदलला. "आम्हाला धबधबा पुढच्याच्या टोपीआडून दिसला. तुम्ही काय काय पाहिलंत?"

सूनबाई बाळाचं दुपटं सारखं करू लागली.

"सगळं," सासूबाई म्हणाल्या. "अगदी अंगावर तुषार येईपर्यंत."

"मग पुढच्या बंदरातली बोटही हिलाच ठरवू दे," तो पुटपुटला आणि बाळाला घेऊन पुढे झाला.

सासूबाईंनी सुनेच्या गालावर उमटलेला खांबाचा वळ पदराने पुसायचा प्रयत्न केला.

"दोनदा पाहिला मी धबधबा," त्या हळूच म्हणाल्या. "एकदा माझा, एकदा तुझ्या वाटचा. चल आत, कसा होता ते सांगते."