घळीतून की पायी

ताडपत्र्या शिवणाऱ्या मास्तरांच्या कारखान्यात तो शिरला, तेव्हा कापडं बेतायच्या लांब टेबलावर नदीचा नकाशा पसरलेला होता आणि चहाचे कप रिकामे झाले होते. म्हणजे सफरीची बैठक केव्हाच सुरू झाली होती. मेहुण्यानं त्याला मुद्दाम उशिराची वेळ सांगितली होती.

"या भावजी," मेहुणा म्हणाला. मेहुणा भावजी म्हणायचा म्हणून सगळेच त्याला भावजी म्हणत. तो स्वतः धंद्यानं खिडक्यांना काचा बसवणारा. "ताईची राफ्ट आणलीत ना?"

"दोन्ही आणल्यात."

त्यानं खांद्यावरच्या दोन पिशव्या खाली ठेवल्या. एक त्याची, एक बायकोची. ती जाऊन वर्ष व्हायचं होतं. घडी घातली की पाठीवरच्या पिशवीत मावणाऱ्या, हवा भरली की एका माणसाला खळाळत्या पाण्यातून नेणाऱ्या त्या राफ्टा. फरशीवर तीन फुगवून ठेवल्या होत्या: मेहुण्याची, मास्तरांची आणि दातांच्या डॉक्टरीणबाईंची. चौथीपुरती जागा झाडून ठेवली होती. पाचवीला जागाच नव्हती.

"ताईची हिला द्या," मेहुण्यानं स्वतःच्या बायकोकडे हात केला. ती कोपऱ्यातल्या स्टुलावर मांडीत हेल्मेट घेऊन बसली होती. "तुमची राहू दे."

"राहू दे म्हणजे?"

"म्हणजे तुम्ही येत नाही आहात."

मास्तर एकदम सुईत दोरा ओवायला लागले. डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढून पुसला. "भावजी, मागच्या खेपेला मी पायी म्हटलं होतं."

हा नियम त्याच्या बायकोचा. पुढच्या पाण्याची कुणालाही धास्ती वाटली, तर त्यानं 'पायी' एवढंच म्हणायचं. मग सगळ्यांनी काठाला लागायचं आणि राफ्टा डोक्यावर घेऊन तेवढा टप्पा चालायचा. का, म्हणून विचारायचं नाही. मागच्या खेपेला डॉक्टरीणबाई पायी म्हणाल्या, आणि तो एकटा, पाणी जिथं खाली उडी घेतं, तिथं सरळ शिरला होता.

"ऐकू आलं नाही म्हणावं, तर कान शाबूत आहेत," मेहुणा म्हणाला.

"आलं होतं ऐकू."

"मग?"

बायकोचा शब्द दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकणं त्याला सोसलं नव्हतं, हे या लोकांना सांगून काय उपयोग?

"जीव द्यायचा असेल तर घरी द्या," मेहुण्याचा आवाज चढला. "चार दिवस मी माझ्या बायकोला घेऊन जातोय. तिला सांभाळू की तुम्हाला पाण्यातून ओढून काढू?"

"तुझी बहीण दवाखान्यात पडली होती, तेव्हा तुला बसच्या ड्युटीतून सवड नव्हती. आता बरा पहारेकरी झालास!"

"ते काढू नका."

"का? झोंबलं?"

"अहो, भांडायला जमलोय का आपण?" मास्तर पुटपुटले.

"मग कशाला जमलोय? माझ्या पाठीमागं सगळं ठरवायला?" तो टेबलाशी गेला. मुक्कामाच्या जागी गोल काढले होते. शेवटच्या मुक्कामाआधी नदी दोन कड्यांच्या मधून घुसत होती, आणि लाल पेन्सिलीची रेघ त्या घळीतून थेट आरपार गेली होती. "घळीतून जाणार?"

"आमचं ठरलंय."

"आणि हिचं?"

"ती माझ्या मागोमाग येईल."

कोपऱ्यातून टक् असा आवाज आला. मेहुण्याची बायको हेल्मेटचा पट्टा लावत होती, सोडत होती. तो आल्यापासून तिचं तेच चाललं होतं. टक्. पुन्हा टक्.

त्यानं घळीच्या तोंडावर बोट टेकवलं.

"पायी."

"काय?"

"ऐकू आलं नाही म्हणावं, तर कान शाबूत आहेत."

मेहुणा उभा राहिला. "तुम्ही येतच नाही, तर तुमचं पायी कसलं?"

"मग तसं सांग सगळ्यांना. भावजींनी पायी म्हटलं, तरी आम्ही पाण्यातून गेलो म्हणून सांग. मी तेच केलं म्हणून मला काढतोस ना?"

"ते नदीवर म्हणायचं असतं. टेबलावर नाही."

"ताई टेबलावरही म्हणायच्या," डॉक्टरीणबाई नाइलाजानं म्हणाल्या.

"डाव आहे हा यांचा! कळत नाही का तुम्हाला?"

"असेल," तो म्हणाला. होताच. घळ यांच्या हातून काढून घ्यायची, एवढंच त्याच्या मनात होतं.

"माझंही पायी," मेहुण्याची बायको म्हणाली.

मेहुणा गर्रकन वळला. "तुला कुणी विचारलं?"

"विचारायचं नसतंच ना?"

पट्ट्याचा आवाज थांबला होता. त्याची गेलेली बायको साध्यासुध्या पाण्यावरही आधी पायी म्हणायची. तिच्याइतकं पाणी कुणाला कळत नव्हतं, आणि तिचं हे काय खूळ आहे म्हणून तो मनात चिडायचा. राफ्ट डोक्यावर घेऊन काट्याकुट्यातून तिच्यामागं चालताना कितीदा चिडला होता! ती कुणासाठी म्हणायची, ते आज त्या स्टुलाकडे बघताना त्याला कळलं. विचारायला आता ती नव्हती.

मेहुण्यानं खोडरबर घेतलं. लाल रेघ इतकी घासली की नकाशाला भोक पडलं. मग घळीच्या कडेकडेनं, चालायच्या वाटेची तुटक रेघ ओढली आणि पेन्सिल टेबलावर आपटली.

"फुगवा तुमची. मी तपासणार. एक बुडबुडा निघाला, तरी घरी बसायचं."

आपली राफ्ट आपण तपासायची नाही, हीही इथली रीतच. त्याची राफ्ट नेहमी बायको तपासायची. ती गेल्यापासून त्यानं कुणाला हात लावू दिला नव्हता. आज त्यानं मास्तरांचं शिवणयंत्र पायानं बाजूला सरकवलं, जागा केली आणि हवा भरली.

मेहुण्यानं साबणाच्या पाण्याची बादली ओढली. गुडघ्यानं राफ्ट दाबली, आणि फडकं घेऊन एकेक शिवण, एकेक ठिगळ, तोंडाची झडप, सगळं घासत, कान लावत गेला. मधेच "गप्प बसा सगळे," म्हणून ओरडला. कुणीच बोलत नव्हतं.

शेवटच्या शिवणीपर्यंत पोहोचला. बुडबुडा निघाला नाही.

फडकं पिळून मेहुण्यानं पुन्हा पहिल्या शिवणीपासून सुरुवात केली.