सासऱ्यांचा खोकला

सुनेची नोकरी धागे तोडण्याची होती. ऑपरेशननंतर पोट शिवायचा धागा कोमट खारट पाण्यात भिजवायचा, गाठ मारून लॅबमधल्या यंत्रात अडकवायचा आणि किती ताण सोसतो ते बघायला तुटेपर्यंत ताणायचा, याचा तिला पगार मिळे. घरी जेवताना तिचं तेच पुराण. कुठला धागा नुसताच लांबत गेला, कुठला गाठीपाशी तटकन तुटला. नवरा कंटाळून मोबाइलमध्ये डोकं घाली. सासरे मात्र घास हातात धरून ऐकत. सुनेचं त्यांना भारी कौतुक.

ते कौतुक आता अंगाशी आलं होतं. आतड्याच्या ऑपरेशननंतर सासरे खोकायलाच तयार नव्हते. एरवी त्यांचा खोकला खाली जिन्यापर्यंत ऐकू जाई, आणि आता छातीत घरघर होत असताना ते ओठ घट्ट मिटून छताकडे बघत पडले होते. डॉक्टरीणबाईंनी सुनेला बाहेर बोलावून स्पष्टच सांगितलं, “कफ साठत चाललाय. असेच राहिले तर न्यूमोनिया होईल. आमचं ऐकत नाहीत. म्हणतात, माझी सून यातली जाणकार आहे.”

ही करामत आपल्याच जिभेची, हे सुनेला कळून चुकलं.

ती खाटेजवळ खुर्ची ओढून बसली. “बाबा, खोका बघू.”

“आणि गाठ तुटली तर?” सासरे पुटपुटले. “तुझा एक तरी धागा टिकलाय का आजवर?”

“कसा टिकेल? तुटेपर्यंत ताणायचा, हेच तर माझं काम! न तोडता सोडला तर साहेब मला घरी बसवतील. आणि यंत्रात तो बिचारा एकटा असतो. तुमच्या पोटात टाक्यांची रांग आहे, ताण सगळे वाटून घेतात.”

“माझा धागा तपासलास का तू?”

थाप मारणं सोपं होतं. पण या माणसाला तिने आजवर कधी फसवलं नव्हतं.

“नाही. तपासलेला धागा उरतच नाही, बाबा. तुमच्या धाग्याची भावंडं तपासलीत. चांगली चिवट निघाली.”

तिने उशी दुमडून त्यांच्या पोटावर ठेवली आणि दोन्ही हातांनी दाबून धरली. “मी धरलंय. खोका.”

ते आधी भीतभीत खोकले. मग कळवळत, पण चांगलं दणकून. कफ सुटला, नर्सने भांडं पुढे केलं, पट्टी सरकवून पाहिली आणि मान डोलावली. टाके जागच्या जागी होते. सून मात्र डोळे गच्च मिटून उशीवर वाकली होती.

“अगं, तूच घाबरलीस की!”

“घाबरू नको तर काय करू? लॅबमध्ये एक तुटला की दुसरा लावते. दुसरे सासरे कुठून आणू?” एवढं बोलली आणि तिला रडूच कोसळलं.

सासऱ्यांनी सलाईन लावलेला हात हळूच उचलून तिच्या हातांवर ठेवला.

“रड खुशाल, पण उशी सोडू नकोस,” ते म्हणाले. “अजून एकदा खोकतो.”