उमाजीसाठी ग्लोव्ह्ज

"कुणाचा विश्वास बसायचा नाही, पण त्या गोऱ्या सार्जंटाला मी डाव्या हातानं असा आडवा केला, की तो शुद्धीवर आला तेव्हा त्याच्या पलटणीची बदली झालेली होती!" दौलतच्या मुठीवर जुन्या लुगड्याची पट्टी गुंडाळत एकनाथराव म्हणाले.

"मागल्या खेपेला उजवा हात होता," त्यांची बायको चतुराबाई आतून म्हणाली.

"दोन्ही लागले. एकानं भागणारा गडी नव्हता तो."

अंगणातली पोरं खिदळली. दौलत हसला नाही.

गौलीगुडा मोहल्ल्यातल्या त्या अंगणात चिंचेला भुशानं भरलेलं पोतं टांगलेलं होतं. अडुसष्टाव्या वर्षी एकनाथराव त्याला ठोसे मारत तेव्हा बघणाऱ्याच्या बरगड्या दुखत. पहाटे ते आबिड्सच्या पोस्टापर्यंत धावत जात नि धावतच परत येत; बरोबरची पोरं मात्र वाटेतच धापा टाकत बसत. सरावानंतर एक गोष्ट ठरलेली. मागल्या रविवारी मुसी नदीच्या पुराची गोष्ट झाली. त्यात एकनाथरावांनी एक म्हैस वाचवली आणि त्यांचा जोडीदार उमाजी वाहून गेला.

"उस्ताद, आजचा शेवटचा दिवस," दौलत म्हणाला. "मराठवाडा मुंबई राज्यात गेला, तशा आमच्या हापिसच्या फायलीही चालल्या औरंगाबादला. त्यांच्याबरोबर मी. संध्याकाळी काचीगुड्याहून गाडी आहे."

"मग? बॉक्सिंग काय इकडच्या सरकारच्या वाट्याला आलं?"

"तिथं शिकवणारं कोण आहे? आता नक्को उस्ताद. पट्टी सोडा."

चार वर्षांपूर्वी हा कारकून फाटकातून आत यायलाही बिचकला होता. आता नवी पोरं त्याचे पाय बघून आपले पाय टाकत.

एकनाथरावांनी पट्टी सोडली नाही. घट्ट गाठ मारली, आत गेले आणि स्वतःचे ग्लोव्ह्ज घेऊन आले. त्यांना दुसरं कुणी हात लावत नसे.

"हे आपल्या उमाजीला दे. औरंगाबादला स्टेशनामागं तालीम आहे त्याची. दहा-बारा पोरं येतात."

"कधी बोलला नाहीत ते?"

"आत्ताच सगळं बोललो, तर म्हातारपणी काय सांगू?"

"आणि ते घरी नसले तर?"

"फिरतीचा माणूस. नसायचाच. तो येईस्तोवर पोरांना तू नीट उभं राहायला शिकव. एवढंच. पोरं दिसली नाहीत तर दोन ठोसे मार कशावर तरी. आवाजानं जमतात."

चतुराबाई दारात येऊन उभी राहिली. एकनाथराव चिंचेकडे बघत होते. एरवी गोष्ट सांगताना ते ऐकणाऱ्यावरची नजर काढत नसत.

दौलतनं ग्लोव्ह्जच्या नाड्या एकमेकींना बांधल्या, जोडी गळ्यात अडकवली आणि वाकून म्हाताऱ्याच्या पायांना हात लावला.

"उस्ताद," उठता उठता तो म्हणाला, "उमाजी तर मागल्या रविवारच्या गोष्टीतच मुसीत वाहून गेला. तो काही घरी सापडायचा नाही. पोरं मलाच जमवावी लागतील."